घोडे दुप्पट, वेग सव्वापट

सकाळी 6.10
शटर वर जाताना मोठा खडखडाट होतो. एवढ्या सकाळी तो गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातो. अजून तासाभराने महादेवपुऱ्यात ट्रक उलटला तरी शेजारच्याला कळणार नाही. व्हाइटफील्ड रोडवर कंपन्यांच्या बस सुरू होतात, डोक्यावरून मेट्रो जाते आणि सगळे आवाज एकमेकांत मिसळतात.

शेड दोन गाड्यांची. वर पत्रा, खाली कोबा. भाडं महिन्याला 34,000. मिस्त्रींना गल्लीतले सगळे मामा म्हणतात, म्हणून मीही. मामा खानापूर तालुक्यातले. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर हात बसला, मग बंगळुरूला आले. घरी मराठी, गिऱ्हाइकाशी कानडी, हाताखालच्या पोराशी हिंदी. पोरगा ओडिशाचा, रोज 750 रुपये आणि दुपारचं जेवण.

आत पांढरी एस्टीम उभी आहे. मागची सीट नाही, गालिचा नाही, दारांच्या आत नुसता पत्रा. छताखाली लोखंडी पाइपांचा पिंजरा. वजन 890 किलो. ही रेसची गाडी. आज रात्री ती चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईला निघायची आहे. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक तिथं 1990 पासून आहे.

तक्रार एकच. मागच्या फेरीत ही गाडी सरळ रस्त्यावर मार खात होती. वळणात बरोबरीने, सरळ लागलं की पुढची गाडी लांब. गाडीमालकाचं म्हणणं, इंजिनात दम नाही.

सकाळी 7.00
टँकर आला. बोअर आटलेली, पाणी विकतचं. ड्रम भरून घेतले. मामांनी उदबत्ती लावली, स्टोव्हवर चहा ठेवला आणि गाडीचे चारही प्लग काढून ओळीने मांडले. टोकं बदामी. "जळण बरोबर हाय," मामा म्हणाले. मग कॉम्प्रेशन गेज. चारही सिलिंडर जवळजवळ सारखे. हाताला तेल, कानाला पेन्सिल, आकडे बिलबुकाच्या मागच्या पानावर.

मामांचा भाचा आला. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजची पोरं मिळून फॉर्म्युला भारत स्पर्धेसाठी गाडी बनवतात, कोइम्बतूरच्या करी स्पीडवेवर नेतात. सुट्टीत मामाकडे. त्यानं पान पाहिलं.

"मामा, इंजिन तर चांगलं आहे."

"मी कधी वाईट म्हटलं? ते म्हणायलेत."

सकाळी 9.15
डायनोवर जायचं. रेसच्या गाडीला नंबरप्लेट नाही, रस्त्यावर चालवता येत नाही. टोइंगवाला फ्लॅटबेड घेऊन आला. अडीच किलोमीटरचे 1,200 रुपये. ग्राफाइट इंडियाच्या सिग्नलला वीस मिनिटं गेली. तो कारखाना बंद झाला, चौकाला नाव मात्र त्याचंच आहे. एस्टीम फ्लॅटबेडवर बांधलेली, शेजारून स्कूटरवाले फोटो काढतात.

सकाळी 10.20
डायनो म्हणजे जमिनीत बसवलेले लोखंडी रूळ. गाडीची पुढची चाकं त्यावर, मागची दोन जमिनीवर. चार पट्टे आवळून गाडी जखडली. पुढे फुटक्या ढोलासारखा वाजणारा मोठा पंखा. तीन रन, 4,500 रुपये.

पोरानं कानात कापूस घातला. मीही. तिसरा गिअर, ॲक्सिलरेटर जमिनीला. छातीत थरथर येते. जळक्या तेलाचा वास. रूळ फिरतात, गाडी जागची हलत नाही. बारा सेकंदांत संपतं.

पडद्यावर 95.8. मग 96.4. मग 96.1. चाकावरचे घोडे, म्हणजे हॉर्सपॉवर.

डायनोवाल्यानं बटण दाबलं, आकडा 108 झाला. गाडीमालक तेवढ्यात पोहोचले होते. आयटीपीएल टेक पार्कच्या बाजूला नोकरी, दोन तासांची रजा काढून आलेले. खूश झाले. भाच्यानं खुलासा केला. बंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंच. इथली हवा चेन्नईपेक्षा आठ-नऊ टक्के विरळ. इंजिन जेवढी हवा ओढेल तेवढंच पेट्रोल जाळणार. म्हणून इथं घोडे कमी भरतात. यंत्र हिशेब करून सांगतं, ठरलेल्या दाबाच्या हवेत किती भरले असते. 108 हा तो हिशेब.

"मग चेन्नईत गाडी जास्त पळेल," मालक म्हणाले.

"घोडे वाढतील सर. पण हवाही तेवढीच दाट. ती गाडीला तेवढंच जास्त अडवणार. शेवटचा वेग जवळपास तोच राहील."

मालकांच्या चेहऱ्यावरून दिसलं की हे त्यांना पटलं नाही. मला पटायलाही वेळ लागला. पण मेक्सिको सिटीचा ट्रॅक आठवला. सव्वादोन हजार मीटरच्या वर. तिथं फॉर्म्युला वनच्या गाड्या सगळ्यात मोठे पंख लावून येतात आणि तरी सरळ रस्त्यावर भन्नाट जातात. 2016 ला बोट्टासची विल्यम्स तिथं 372 च्या पुढे गेली. त्यांच्या इंजिनाला टर्बो असतो, विरळ हवा तो दाबून आत घालतो, घोडे फारसे घटत नाहीत. बाहेर अडवणारी हवा मात्र विरळच. आपल्या एस्टीमला टर्बो नाही. तिला जे मिळतं ते दोन्ही बाजूंनी.

दुपारी 12.00
परत शेडमध्ये. पुन्हा 1,200.

मालकांनी विषय काढला. एक हेड बनवणारा त्यांना म्हणाला आहे, कॅम घासून आणि पोर्ट मोकळे करून देतो, 45,000 होतील, पाच-सहा घोडे वाढतील. पुढच्या फेरीपर्यंत होईल का?

मामा काही बोलले नाहीत. भाच्यानं खडू घेतला आणि शटरच्या आतल्या बाजूला लिहायला लागला. वेग दुप्पट केला की हवेचा अडथळा चौपट. तो अडथळा दुप्पट वेगानं कापायचा, म्हणजे ताकद आठपट. उलटा हिशेब केला तर घोडे दुप्पट केल्यावर वेग किती वाढतो? दोनाचं घनमूळ, 1.26.

"घोडे दुप्पट, वेग सव्वापट," मामांनी कोपऱ्यातून सांगितलं. ते वाक्य त्यांनी आजच बनवलेलं नव्हतं.

म्हणजे 180 ला जाणारी गाडी इंजिन दुप्पट ताकदीचं केलं तर 227 ला जाईल. आणि शंभरावर सहा घोडे वाढवले तर? भाच्यानं गुणलं. साडेतीन किलोमीटर.

मालक फॉर्म्युला वन जवळून पाहणारे. त्यांनी 2009 चं स्पा काढलं. बंगळुरूच्या विजय मल्ल्यांची फोर्स इंडिया, फिसिकेला पोलवर, रेसमध्ये रायकोनेनच्या मागे एक सेकंदाच्या आत दुसरा. मर्सिडीजच्या इंजिनाचा दम होता की नाही?

भाचा यासाठीच टपून बसला होता. "सर, तेच इंजिन मॅक्लारेनमध्ये होतं. ब्रॉनमध्येही. त्या पात्रता फेरीत हॅमिल्टन बारावा होता, बटन चौदावा."

मालक गप्प झाले. ती फोर्स इंडिया हवा फार हलकी कापायची. स्पा आणि मोंझा हे तिचे ट्रॅक. दोन आठवड्यांनी मोंझाला सुटिल दुसऱ्या जागेवरून सुटला. वळणावळणाच्या ट्रॅकवर तीच गाडी मागे राहायची. इंजिन बदललं नव्हतं.

माझं मत तिथंच ठरलं होतं, तरी मालकांची बाजूही खोटी नाही. वळणातून सुटल्यापासून शंभरच्या आसपास जाईपर्यंत हवा फार बोलत नाही. तिथं घोडे आणि किलो यांचाच हिशेब. जुने लोक घोड्यांवर विश्वास ठेवत आले त्यालाही कारण आहे. मामांचे उस्ताद शोलावरमला काम केलेले. चेन्नईच्या बाहेरची युद्धकाळातली धावपट्टी. मल्ल्यांनी तिथं जुनी एन्साइन फॉर्म्युला वन गाडी पळवली होती. लांबच लांब सरळ. तिथं ज्याचं इंजिन मोठं तो पुढे, असं सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

दुपारी 1.30
जेवण. मामांच्या डब्यात भाकरी, वांगं, लाल चटणी. पोराला मेसमधून डाळ-भात, 70 रुपये. मालक बाहेर फोनवर.

मामा हात धुताना म्हणाले, "आमच्या बाबांची बैलगाडी होती. बैल चांगले, तरी चढाला दमायचे. शेजारचा म्हणला बैल बदल. बाबांनी चाक काढून बघितलं. कण्याला वंगणच नव्हतं."

हात पुसला आणि उठले.

दुपारी 2.10
शेजारच्या रद्दीवाल्याकडून हुकाचा काटा मागून आणला. पेपर, बाटल्या तोलतात तो, पन्नास किलोचा, पडद्यावर आकडा दिसणारा. एक हुक गाडीच्या टोइंगच्या कडीत अडकवला, दुसऱ्याला सुती दोर. गाडी न्यूट्रलमध्ये, टायरात हवा मोजून, कोबा झाडून घेतलेला.

पोरगा दोर धरून मागे सरकायला लागला. सावकाश, एका चालीत. गाडी हलली. भाचा वाकून आकडा वाचतोय.

"एकोणीस."

पुन्हा. "एकोणीस. कधी वीस."

मामांनी मान हलवली. एवढ्या वजनाची गाडी सपाट कोब्यावर बारा-तेरा किलोच्या ओढीवर चालायला पाहिजे. सहा-सात किलो कोण खातंय?

दुपारी 2.40
मागून जॅक. उजवं चाक हातानं फिरवलं. तीन फेरे मारून थांबलं. डावं फिरवलं. अर्धा फेरा आणि ठप्प. आतून खर्र असा आवाज.

मला तो आवाज अजून ऐकू येतो. सकाळपासून साडेचार हजार डायनोचे आणि चोवीसशे टोइंगचे गेले होते. एस्टीमचं इंजिन पुढची चाकं फिरवतं. डायनोच्या रुळांवर पुढचीच चाकं होती. मागची दोन जमिनीवर उभी, थांबलेली. हे चाक डायनोला दिसणारच नव्हतं.

डाव्या बाजूचा ड्रम काढायला हातोडीचे चाळीस घाव लागले. आत काळा भुगा. लायनर काचेसारखं चकचकीत झालेलं. व्हील सिलिंडरचा पिस्टन गंजून अडकलेला. पावसाळ्यात गाडी उभी होती. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, ते पाणी सिलिंडरमध्ये बसतं. ब्रेक दाबला की पिस्टन बाहेर येतो, सोडला की परत जात नाही. शू ड्रमला घासत राहतो.

मामांनी मालकांना बोलावलं. खडू स्वतः घेतला. एक घोडा म्हणजे काय, तर 75 किलो एका सेकंदात एक मीटर उचलणं. जुनी व्याख्या, उद्यमबागेत शिकलेली. आता ब्रेक सात किलो ओढतोय. गाडी 160 नं जाते तेव्हा सेकंदाला 44 मीटर. सात गुणिले 44, भागिले 75.

"चार," भाचा म्हणाला.

"चार घोडे ह्यो ब्रेकच खायलाय," मामा म्हणाले. "आणि सरांना पंचेचाळीस हजार घालून पाच पाहिजेत."

मालक वाकून ड्रमकडे बघत राहिले. नखानं लायनर खरवडलं. मग सरळ उभे राहून म्हणाले, कॅम राहू द्या.

दुपारी 3.15
पोरगा स्कूटरवर सामान आणायला गेला. के. आर. पुरमच्या लटकत्या पुलाखालची स्पेअरची दुकानं. पाच किलोमीटर, जाऊन-येऊन दीड तास. दोन्ही बाजूंचे सिलिंडर आणायचे, एक नवा एक जुना ठेवायचा नाही. नगाला 420. शूचा सेट 650. ब्रेक ऑइलचा डबा 280. पेट्रोलला शंभराची नोट वेगळी.

तोवर दोरी लावली. गाडीच्या दोन्ही बाजूंना स्टँड, त्यावर मासे धरायची नायलॉनची दोरी, चाकांना समांतर. रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून पट्टीनं माप. पुढची चाकं चार मिलिमीटर आत वळलेली निघाली. वाकडं चाक रस्त्यावर फरपटत जातं. टाय रॉड अर्धा फेरा सोडला, माप घेतलं, पुन्हा पाव फेरा. याला अलाइनमेंटचं यंत्र लागत नाही. गुडघे लागतात.

भाचा जमिनीवर बसून वहीत आणखी एक हिशेब करत होता. तो मला दाखवला. समजा पाचशे मीटरचा सरळ रस्ता आहे. एक गाडी वळणातून 95 नं सुटली, तशीच दुसरी 100 नं. टोकाला दोघींच्या वेगात फरक किती? जेमतेम दीड किलोमीटर. पण वेळेत पाव सेकंदाचा. दुसरी गाडी बारा-तेरा मीटर पुढे, म्हणजे तीन एस्टीम एकीमागे एक उभ्या करा तेवढं.

मग सरळ रस्त्यावर मार खाल्ला असं जे डोळ्यांना दिसतं, त्यातला बराच भाग आधीच्या वळणात ठरलेला असतो. टायर, डिफरन्शियल, चालवणाऱ्याचा उजवा पाय. स्पीडोमीटरचा काटा हे सांगत नाही. स्टॉपवॉच सांगतं.

दुपारी 4.50
सामान आलं. सिलिंडर बसवले. मग ब्लीडिंग. पोरगा पेडलवर, मामा चाकाखाली.

"दाब. धर. सोड. दाब. धर."

पारदर्शक नळीतून आधी चहासारखं तेल आलं, मग बुडबुडे, मग स्वच्छ पिवळं. सोळा वेळा एका चाकाला. मामांच्या बनियनला पाठीवर काळा डाग, कोब्याचा.

वरून एक लढाऊ विमान गेलं. एचएएलचा विमानतळ इथून लांब नाही. तिथं जवळच मुरुगेशपाळ्यात एका रस्त्याचं नावच विंड टनेल रोड आहे. एनएएल या विमान संशोधन संस्थेचा 1.2 मीटरचा हवेचा बोगदा तिथं साठच्या दशकापासून चालतो. रॉकेटं, विमानं यांच्या छोट्या प्रतिकृती त्यात ठेवून हवा काय करते ते मोजतात. या शहरात हवेचा अभ्यास करणारी इतकी माणसं आहेत, आणि गल्लीत गाड्या बनवणाऱ्यांकडे एक सेलोटेप आणि लोकरीचे धागे. मामा डिकीवर धागे चिकटवतात, ट्रॅकवर मागच्या गाडीतून व्हिडिओ काढून घेतात. धागा सरळ पडला की हवा चिकटून जाते. गोंधळला की तिथं भोवरा. त्यावरून त्यांनी गेल्या वर्षी मागच्या बंपरखाली ॲल्युमिनियमचा पत्रा बसवला. पत्रा भंगारातून, 300 रुपयांचा.

संध्याकाळी 6.20
दिवे लावले. गाडी खाली उतरवली. काटा पुन्हा अडकवला. या वेळी दोर मालकांनी स्वतः धरला, शर्टाच्या बाह्या वर करून.

गाडी हलली तेव्हा त्यांचा तोल गेला, इतकी ती सहज आली.

"बारा," भाचा म्हणाला. पुन्हा ओढली. "बारा. साडेअकरा."

पोरानं टाळी वाजवली. मामांनी बिलबुकाच्या मागच्या पानावर लिहिलं: आधी 19, नंतर 12. तारीख घातली.

संध्याकाळी 7.30
चहा, 15 रुपयांचा, सगळ्यांना मालकांकडून. बाहेर रस्ता तुंबलेला. भाचा आणि मालक अजून बोलत होते. एकसारखी इंजिनं असलेल्या फॉर्म्युला गाड्यांच्या रेसमध्येही सरळ रस्त्यावर एक दुसरीला गाठते, ते कसं? पुढची गाडी हवा फाडते, मागची त्या फटीत शिरते. मागचीचं इंजिन वाढलेलं नसतं, तिच्यापुढची हवा कमी झालेली असते. बंगळुरू-बेळगाव हायवेवर ट्रकच्या मागे मोटारसायकल धरली की हॅण्डल हलकं होतं, ते हेच. मामा म्हणाले, तसं करू नका, ट्रकवाला ब्रेक मारतो.

मग सगळ्यांकडे बघून म्हणाले, "घोडे नकोत असं मी म्हणत नाही. पण आधी हायत ते घोडे रस्त्यावर पोचतात का, तेवढं बघा. मग मागा."

रात्री 8.40
फ्लॅटबेड आला. इरुंगाट्टुकोट्टईपर्यंत तीनशेच्या आसपास किलोमीटर, 17,000 रुपये, टोल त्यात. एस्टीम फ्लॅटबेडपर्यंत पोरानं एकट्यानं मागून ढकलत नेली. पट्टे आवळले. टूलबॉक्स, दोन जास्तीचे टायर, जॅक, दोरीचे स्टँड. भाचा ड्रायव्हरशेजारी बसला. मामा पहाटेच्या बसनं जाणार.

रद्दीवाल्याचा काटा परत दिला. सोबत वीस रुपये.

बिल मामांनी ट्यूबलाइटखाली उभ्यानं लिहिलं. व्हील सिलिंडर 2 नग, 840. शू सेट, 650. ब्रेक ऑइल, 280. पेट्रोल, 100. दोन माणसांची दिवसाची मजुरी, 2,500. बेरीज 4,370. डायनो आणि टोइंग मालकांनी परस्पर दिलं होतं, ते 6,900.